फोटो, आवाज, पाठवा

द्राक्षबागायतदारांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून चालवल्या जाणाऱ्या एका छोट्या समाजमाध्यम सेवेच्या पडद्यांची रचना करण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. सेवा पुण्यातल्या एका लहान कंपनीची आहे, वापरणारे बहुतेक जण तासगाव, मिरज, निफाड, दिंडोरी या तालुक्यांतले आहेत, आणि कल्पना अगदी साधी आहे: पानावर किंवा घडावर काही वेगळे दिसले की त्याचा फोटो काढायचा, प्रश्न बोलायचा आणि पाठवायचा, ज्यांनी ते आधी पाहिले आहे ते उत्तर देतील. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर हे होतच होते. मात्र तिथे सकाळी विचारलेला प्रश्न दुपारपर्यंत सुप्रभातच्या चित्रांखाली आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जाई, आणि पुढच्या हंगामात तीच लक्षणे दिसली की कोणाच्या तरी आवाजात दिलेले जुने उत्तर शोधून काढणे अशक्य होई.

पहिल्या आवृत्तीत पडदा उघडला की वर इतरांचे प्रश्न आणि खाली कॅमेऱ्याचे मोठे बटण, एवढेच होते. फोटो काढला की माइक येई आणि बोलून झाले की 'पाठवा'. लिहिण्याची सोय होती, पण ती मुद्दाम मागे ठेवली होती, कारण बागेत उभा असलेला माणूस एका हातात पान धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने जोडाक्षरे टंकत बसत नाही. नोंदणीसाठी मोबाइल क्रमांक, नाव आणि तालुका पुरेसा होता. विक्रीचे काम पाहणाऱ्या आमच्या सहकाऱ्याला हे अपुरे वाटले. "एवढंच? लोक म्हणतील, काम अर्ध्यात सोडलंय," असे तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, कारण साधी वस्तू दाखवताना ती कष्टाने साधी केली आहे की आळसाने, हे पाहणाऱ्याला कळत नाही.

त्या दिवसांत मी इन्स्टाग्रामचा दाखला देत असे. केव्हिन सिस्ट्रॉम आणि माइक क्रीगर यांच्या मूळ सेवेचे नाव 'बर्बन' होते. आपण कुठे आहोत हे कळवणे, मित्रांसोबतचे बेत आखणे, गुण मिळवणे, फोटो टाकणे असे तिच्यात पुष्कळ काही होते. लोक त्यातला फोटोचा भाग मनापासून वापरतात असे दिसल्यावर त्यांनी फोटो, प्रतिक्रिया आणि पसंती एवढे ठेवून बाकीचे कापले, आणि ६ ऑक्टोबर २०१० रोजी इन्स्टाग्राम लोकांसमोर आणले. पहिल्याच दिवशी सुमारे २५ हजार लोक आले. ही कथा बैठकीत सांगायला फार सोयीची आहे. तिचा उत्तरार्ध मात्र सहसा सांगितला जात नाही. त्याच इन्स्टाग्राममध्ये २०१६ साली स्टोरी आल्या, २०२० साली रील आले, आणि २०२२ च्या जुलैमध्ये पडदाभर व्हिडिओ आणि अनोळखी लोकांच्या शिफारशी यांची भर पडल्यावर वापरणाऱ्यांनी एवढा गलका केला की कंपनीला काही बदल मागे घ्यावे लागले. ज्यांनी कापण्यातून नाव कमावले त्यांनाही न वाढवता राहता आले नाही, हे ध्यानात ठेवून मी आमच्याकडे काय घडते ते पाहू लागले.

आमच्याकडची प्रत्येक भर चांगल्या कारणाने झाली. कृषितज्ज्ञांना रोगांनुसार विभाग हवे होते. बाजारभाव तर शेतकरी रोजच पाहतात, मग ते आपल्याकडेच का नकोत, असा प्रश्न निघाला. अवकाळी पावसाच्या भीतीने हवामान आले. पैसे गुंतवणाऱ्यांनी विचारले की लोक दिवसातून किती वेळा अ‍ॅप उघडतात. हंगाम नसताना फारसे उघडत नाहीत, हे खरे उत्तर त्यांना रुचले नाही, म्हणून छोट्या व्हिडिओंचा विभाग आला. दुसऱ्या एका सेवेने उत्तरे देणाऱ्यांना बिल्ले द्यायला सुरुवात केली होती, म्हणून आमचेही बिल्ले आले. औषधे आणि खते विकण्याचे दुकान आले. यातली एकही गोष्ट एकेकटी घेतली तर मूर्खपणाची नव्हती. मलाही त्यातल्या काही पटल्या होत्या, आणि विभागांची चित्रे मीच उत्साहाने काढली होती.

भर पडण्याची किंमत प्रथम कुठे दिसली असेल, तर अक्षरांच्या उंचीत. पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीत सुरुवातीला एकच बटण होते, त्याची पाच झाली. प्रत्येकाखाली नाव हवे, आणि 'बाजारभाव', 'कृषिसल्ला' ही नावे एका ओळीत बसवायची तर अक्षरे लहान करावी लागतात. रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या ओळीची उंची देवनागरीला पुरत नाही. वर वेलांटी, मात्रा आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय अशी ती दोन्हीकडे वाढते. स्वस्त फोनवर 'कृषिसल्ला'मधला 'कृ' खालून कापला जाई आणि वेलांटीचे टोक पट्टीच्या कडेवर घासे. नावे काढून फक्त चिन्हे ठेवावीत अशी सूचना आली, तेव्हा मी ती चिन्हे कागदावर छापून कार्यालयाच्या उपाहारगृहात काम करणाऱ्या मावशींना दाखवली. ढग म्हणजे पाऊस हे त्यांनी लगेच ओळखले, तीन डोकी म्हणजे 'मिटिंग' असे सांगितले, आणि बिल्ल्याचे चिन्ह पाहून "हे गॅसचं बटण दिसतंय" म्हणाल्या. सूचना तिथेच संपली.

खरी परीक्षा तासगाव भागात एका बागेच्या बांधावर झाली. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर नवी फूट बाहेर येत असताना पाऊस झाला, की डाऊनी या रोगाच्या धास्तीने माणसाला क्षणाचीही उसंत नसते. अशाच दिवसांत मी तिथे गेले होते आणि काहीही न सुचवता नुसती पाहत उभी होते. आमचे अ‍ॅप सुरुवातीपासून वापरणाऱ्या एका आजोबांनी फोन उघडला; आधी एक व्हिडिओ आपोआप सुरू झाला, मग सवलतीची पाटी आली, ती बंद करायची फुली त्यांच्या नखाएवढीही नव्हती, आणि तिच्याऐवजी पाटीवरच बोट पडल्याने दुकान उघडले. त्यांनी मागे जायचे बटण दाबले, पडदा दोन पायऱ्या मागे गेला आणि अ‍ॅपच बंद झाले. "मला नुसता पानाचा फोटो टाकायचाय ओ ताई," ते म्हणाले, "मधी एवढी दुकानं कशाला मांडलीयसा?" त्यानंतर त्यांनी शांतपणे व्हॉट्सअ‍ॅप उघडले आणि फोटो पुतण्याला पाठवला.

त्या आजोबांनी बाजारभाव कधी पाहिले नव्हते, बिल्ले कशाचे ते त्यांना ठाऊक नव्हते आणि दुकानातून त्यांनी काही घेतले नव्हते. तरीही या तिन्ही गोष्टींची किंमत तेच मोजत होते. नव्या सोयीचा हिशेब मांडताना आम्ही ती वापरणारे मोजत होतो, आणि जे ती वापरत नाहीत पण तिला वळसा घालून जातात, त्यांची नोंद कोणत्याच तक्त्यात येत नव्हती. साधेपणाच्या बाजूने मला जे काही म्हणायचे आहे, ते एवढेच आहे.

म्हणून नवे काही जोडूच नये, असे मात्र मी म्हणत नाही. त्याच फेरीत आम्ही जुने प्रश्न ऐकत बसलो, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा कानावर आली. जवळपास प्रत्येक जण बोलण्याची सुरुवातच "छाटणीला चाळीस दिवस झालेत" किंवा "पोंगा अवस्था आहे" (म्हणजे डोळे फुटू लागले आहेत) अशी करत होता. द्राक्षात कॅलेंडरची तारीख कोणी विचारत नाही. छाटणीपासूनचा दिवस हीच तारीख, कारण एकच डाग विसाव्या दिवशी वेगळा अर्थ सांगतो आणि मणी सेट झाल्यावर वेगळा. ज्यांनी दिवस सांगितला नव्हता त्यांना पहिले उत्तर हटकून "दादा, छाटणी कधीची?" असे येत असे. आम्ही कोणी सुचवलेले नसताना लोकांनी स्वतःच ही रीत घालून घेतली होती. मग आम्ही छाटणीची तारीख एकदाच विचारून ठेवण्याची सोय केली, आणि पुढच्या प्रत्येक प्रश्नावर दिवस आपोआप छापला जाऊ लागला. अ‍ॅपमधली ही एकमेव भर अशी, की तिच्यामुळे लोकांचे बोलणे आखूड झाले.

ट्विटरच्या बाबतीत नेमके असेच झाले होते. समोरच्याला उद्देशून नावाआधी '@' हे चिन्ह टाकणे, विषयाला हॅशटॅग लावणे, दुसऱ्याचे वाक्य 'आरटी' (म्हणजे रीट्वीट) लिहून पुढे पाठवणे या तिन्ही रीती कंपनीच्या आधी वापरणाऱ्यांनी काढल्या. हॅशटॅगची कल्पना २००७ च्या ऑगस्टमध्ये ख्रिस मेसिना यांनी मांडली, आणि पुढे कंपनीने या रीतींना आपल्या पडद्यावर जागा दिली. लोक जे हाताने करू लागले आहेत ते यंत्राकडे सोपवावे, असा नियम यातून काढण्याचा मोह होतो. पण रीट्वीटचे पुढे काय झाले तेही पाहावे लागते. २००९ साली त्याचे बटण आले, नक्कल करून चिकटवण्याचा खटाटोप संपला, आणि त्या खटाटोपात विचार करायला मिळणारे चार क्षणही संपले. ते बटण घडवणाऱ्या गटाचे प्रमुख ख्रिस वेदरेल यांनी दहा वर्षांनी, २०१९ साली, त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. सोय तीच, वागणूकही तीच, पण मधला अडथळा गेल्यावर परिणाम निराळा झाला.

त्यामुळे उत्तर पुढे पाठवण्याच्या बटणाचा विषय निघाला तेव्हा आम्ही बराच काळ अडलो. मागणी जोरदार होती. अडचण अशी की एकाला त्याच्या बागेच्या अवस्थेनुसार सांगितलेली फवारणी दुसऱ्याच्या हातात तारखेशिवाय पडली, तर नुकसान त्या हंगामापुरते राहत नाही. २०१० साली युरोपला गेलेली भारतीय द्राक्षे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ आवरणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे अडकली होती. बागायतदार त्याला लिहोसिन म्हणून ओळखतात, आणि ते वर्ष निर्यात करणारे अजून विसरलेले नाहीत. सहज पुढे सरकवलेल्या संदेशाने काय होऊ शकते, याचा याहून कितीतरी भीषण दाखला महाराष्ट्राजवळ आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले आणि चित्रांशेजारचे झटपट पाठवण्याचे बटण काढण्याचे ठरवले. पाचाची मर्यादा पुढे २०१९ च्या जानेवारीत जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे पाठवल्या गेलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणल्यावर असे संदेश ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. वापर सुलभ करणे हाच आमच्या धंद्याचा धर्म समजला जातो, आणि इथे तर वापर थोडा अवघड करणेच योग्य ठरले होते.

आमच्याकडे शेवटी असे ठरले की उत्तर एकटे पुढे जाणार नाही. पाठवायचे तर मूळ फोटो, प्रश्न आणि छाटणीपासूनचा दिवस असे सगळे मिळून जाईल, आणि दिवसाचा आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत असेल. यावर तक्रारी आल्या, अजूनही येतात. मी त्या वाचते आणि बाजूला ठेवते.

काढून टाकण्याचे काम जोडण्याहून पुष्कळ अवघड निघाले. जोडताना कोणाचे काही जात नाही. काढताना प्रत्येक गोष्टीला कोणी ना कोणी धनी निघतोच. बिल्ले काढल्यावर ज्यांच्याकडे सोनेरी बिल्ला होता त्यांनी फोन करून विचारले की आमचे काय चुकले. बाजारभाव पाहणारे थोडे होते, पण ते रोज पाहणारे होते, म्हणून तो विभाग मोडला नाही, आतल्या पानावर हलवला. व्हिडिओ बंद केल्यावर मात्र एकाचाही फोन आला नाही. प्रत्येक बदल आम्ही आधी एका तालुक्यात करून पाहायचो आणि मदतीच्या क्रमांकावर काय विचारणा होते ती ऐकायचो. तिथे काही दिवस शांत गेले की मगच तो बाकीच्या तालुक्यांत जाई.

'आवडले' या बटणाची कथा जरा निराळी आहे. पानावरचा रोग आवडला म्हणजे काय, असा विनोद आम्ही आपसात करत असू, आणि ते बटण मी आनंदाने काढले. त्यानंतर प्रत्येक उत्तराखाली हात जोडलेली चित्रे आणि "धन्यवाद दादा" असे दोन सेकंदांचे आवाजी निरोप यांची रांग लागली, आणि खरे उत्तर त्यांत बुडून गेले. बटण गेले तरी आभार मानण्याची गरज गेली नव्हती. शेवटी 'उपयोग झाला' अशी खूण आणली, जी फक्त प्रश्न विचारणाऱ्यालाच करता येते आणि जिची बेरीज कुठेही दिसत नाही. इन्स्टाग्रामनेही पसंतीचे आकडे लपवण्याचे प्रयोग २०१९ पासून केले आणि २०२१ साली तो पर्याय सर्वांना दिला, पण पर्याय देणे म्हणजे सेटिंगमध्ये आणखी एक कळ वाढवणे. आम्ही पर्याय दिला नाही. काही गोष्टी सेवेनेच ठरवाव्यात आणि वापरणाऱ्याच्या गळ्यात निर्णय मारू नये, असे माझे मत आहे. ते हुकूमशाहीचे वाटले तरी चालेल.

झेरॉक्स आणि अ‍ॅपल इथे काम केलेले संगणकतज्ज्ञ लॅरी टेस्लर म्हणत की कामातली गुंतागुंत नाहीशी होत नाही, ती वापरणाऱ्याने सोसायची की बनवणाऱ्याने एवढेच ठरवता येते. छाटणीच्या तारखेने आम्हाला हे चांगले शिकवले. बहुतेकांकडे एकाहून जास्त प्लॉट असतात, आणि मजूर मिळण्याच्या सोयीने व माल एकदम बाजारात येऊ नये म्हणून त्यांची छाटणी मागेपुढे करतात. मग एका माणसाची एकच तारीख कशी असेल? दर वेळी प्लॉट विचारला तर आजोबांच्या वाटेत पुन्हा पाटी उभी राहिली असती. म्हणून ज्याचा एकच प्लॉट आहे त्याला काही विचारायचे नाही. ज्याचे जास्त आहेत त्याचा फोटो कोणत्या ठिकाणी काढला यावरून अंदाज बांधायचा आणि शंका असेल तरच विचारायचे. पडद्यावर यातले काही दिसत नाही. आमच्या प्रोग्रामरला मात्र यापायी रात्री जागाव्या लागल्या, कारण शेजारी शेजारी असलेल्या प्लॉटांत फोनचे स्थान नेहमी अचूक येत नाही.

साधेपणा कोणासाठी, हा प्रश्न मला त्यानंतर अधिक छळू लागला. प्रश्न विचारणाऱ्यासाठी आम्ही पडदा मोकळा केला, पण सेवा चालते ती उत्तरे देणाऱ्या मोजक्या अनुभवी लोकांच्या जिवावर, आणि त्यांना तो मोकळा पडदा अपुरा पडतो. त्यांना जुनी उत्तरे शोधायची असतात, एकाच रोगाचे फोटो शेजारी ठेवून पाहायचे असतात, रोज विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाला दिलेले उत्तर जपून ठेवायचे असते. निफाडकडच्या एका बागायतदारांनी मला स्पष्टच सांगितले, "मॅडम, तुमचं अ‍ॅप नवख्याला सोपं आणि आम्हाला ताप आहे." आता उत्तरे देऊ लागणाऱ्याला हळूहळू ही साधने उघडत जातात, इतरांना ती दिसतही नाहीत. यात एक तोटा आहे तो मला मान्य आहे: दोघे शेजारी बसून एकमेकांचे फोन पाहतात तेव्हा त्यांचे पडदे जुळत नाहीत, आणि गावात तर शिकणे-शिकवणे असेच चालते.

दुकानाचा प्रश्न सुटलेला नाही. त्यातून पैसे येतात, आणि पगार त्याच पैशांतून होतात. सवलतीची पाटी काढायला लावण्यात मला यश आले आणि तळच्या पट्टीतून दुकानाचे बटणही गेले. ते आता 'माझी माहिती'च्या पानावर आहे. त्यामुळे विक्री घटली, आणि दर तिमाहीच्या बैठकीत ते परत पहिल्या पडद्यावर आणण्याचा विषय निघतो. उत्तरात औषधाचे नाव आले की त्याखालीच 'खरेदी करा' दाखवावे, अशी नवी सूचना आहे. तिला माझा विरोध आहे, कारण सल्ल्याखाली विक्रीचे बटण आले की सल्ला देणाऱ्यावरचा विश्वास आधी जातो. पण या वादात रचनाकाराचे मत हे अनेकांपैकी एक असते, आणि ते शेवटचे नसते.

एप्रिलच्या खरड छाटणीआधी जी आवृत्ती येणार आहे, तिच्यात वापरणाऱ्यांना दिसेल असा बदल एकच आहे: नेटवर्क नसताना पाठवलेला प्रश्न फोनमध्येच थांबतो आणि रेंज मिळाली की जातो, हे सांगणारी एक ओळ. ती ओळ 'रेंज आली की जाईल' अशी असावी की 'प्रश्न जपून ठेवला आहे' अशी, यावर सध्या आमचे दोन तट पडले आहेत. पुढच्या आठवड्यात दोन्ही ओळी घेऊन मी दिंडोरीला जाणार आहे.